सातशे दहा ग्रॅम

द्राक्षाच्या काट्यावर ठेवलं होतं एकदा,
पॅकिंगच्या बाया जेवायला गेल्या तेव्हा:
सातशे दहा ग्रॅम.
रिकामं. गोळ्या भरून किती, ते पाहिलं नाही.

भद्रकालीमागच्या दुकानात हकीमुद्दीनभाईंनी
हिरव्या कापडावर तीन मांडली होती,
सोनार पाटल्या मांडतो तशी.
एक काळं, एक चकचकीत,
एक झिजलेलं, कुणा निवृत्त मामलेदाराच्या घरून आलेलं.
"डोंगरात न्यायचंय?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"बिबट्याला ह्यानं नुसता राग येईल, शेठ.
आणि हलकं वाटेल ते घेऊ नका.
कमरेला आहे हे विसरला, तो माणूस वाईट."
मी झिजलेलं घेतलं. मूठ ओळखीची वाटली,
जुन्या छत्रीची वाटते तशी.

अर्जात 'कारण' ह्या शब्दापुढे दीड ओळ जागा.
स्वसंरक्षण लिहिलं. कुणापासून, ते विचारत नाहीत.
दर निवडणुकीला ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची,
आणि तेवढे दिवस मला गाढ झोप लागायची.
हे घरात कुणाला बोललो नाही.

ऋजुता एकोणीसची झाली आणि म्हणाली,
हरिहरवर राहायचं, चैत्री पौर्णिमेला, तंबूत.
मी अंथरुणावर सामान मांडलं:
दोन तंबू, दोर, टॉर्च, भाकरी, ठेचा,
आणि सॅक फार जड होईना म्हणून
पाण्याची एक बाटली काढून ठेवली.
मीच काढली. दुसऱ्या कुणी नाही.

निरगुडपाड्याच्या नाक्यावर पोरानं विचारलं,
"प्लॅस्टिक? दारू?"
नाही म्हटलं. खरंच तर होतं.

तिथल्या पायऱ्या म्हणजे उभी भिंत.
खोबणीत बोटं रुतवून चढायचं, दोन्ही हात दगडाला.
शर्टाखाली ते कातळाला घासत राहिलं,
खर्र, खर्र,
करपलेलं पातेलं कुणी घासावं तसं.
पुढे सोमा आगिवले, अनवाणी,
काठीला चार घुंगरं बांधलेली.
"ती कशाला रे?"
"त्याला कळाया नको, आपून आलोय?
अवचित गाठ पडली का दोगंबी भितात."

रात्री दीडला पावलं वाजली.
घुंगरं नव्हती. चारपायीही नव्हती पावलं.
दोन टॉर्च, दबलेलं हसू,
पायऱ्यांकडून आमच्या तंबूकडे.
माझ्याआधी माझ्या हाताला कळलं.

टक्.
म्यानाचं बटण.

"काका, पाणी आहे का थोडं?"
सातपूरची पोरं, आयटीआयची. एकाचा गुडघा फुटलेला.
टाक्यातलं पाणी हिरवं पडलेलं,
आणि माझी बाटली संध्याकाळीच संपली होती.
ऋजुतानं तिची दिली. निम्मीच होती तीही.
तो घोट घोट पीत होता, पुसून परत देत होता,
आणि मी अंधारात बटण लावत होतो,
ते लागेना,
अंगठा घामानं सटकत होता.

उतरताना तिनं सोमाकडून काठी मागून घेतली.
खोबणीत एक हात, दुसऱ्यात घुंगरं,
सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी वाजवत.
मी सगळ्यात मागे.
त्र्यंबकच्या हॉटेलात तिनं रस्सा दोनदा मागवला.
मग, पाव मोडता मोडता:
"बाबा, मला आवाज आला होता."
मी म्हटलं, लिंबू दे.

परवा आचारसंहिता लागली. ठाण्यात देऊन आलो.
येताना शेडमध्ये थांबलो, काट्यावर
एक भरलेली बाटली ठेवून पाहिली,
आकडा डोळ्यांसमोर हलत राहिला, वाचला नाही.

म्यान त्यांनी घेतलं नाही, ते घरीच आहे,
कपाटात, तिच्या जुन्या शाळेच्या दप्तराखाली.
बटण सैल झालंय.
दार ओढलं की
आपोआप उघडतं.