दहापेक्षा कमी

ऑक्टोबरात राज्याकडून शाळेचा कागद येतो.
लोर्ना व्हिटकम तो ऑफिसच्या काचेच्या दारावर लावते,
चार कोपऱ्यांना चार चिकटपट्ट्या
आणि पाचवी उगाचच, मधोमध.

एकूण मुलं तीनशे बारा.
जेवण फुकट मिळण्याजोगी शंभरात एक्क्याऐंशी.
तिसरीचं वाचन : चौतीस टक्के.
गणित जरा बरं. आकड्याला उच्चार लागत नाही,
असं ओडेगार्ड सर म्हणतात, दरवर्षी म्हणतात.

चौतीस म्हणजे नापास का,
इग्नासियोचा बाप विचारतो.
रात्रपाळी उरकून तसाच आलाय, डुकरांच्या कारखान्यातून,
हात इतके धुतलेले की बोटांची टोकं सुरकुतलीत.
नो, म्हणते लोर्ना. मग थांबते. पुन्हा, नो.
दोघांच्या भाषांत हा एक शब्द सारखा,
तेवढ्यावर तो मान हलवून झोपायला जातो.

आयोवात या दिवसांत आठ वाजताही धुकं असतं,
मक्याची कापलेली शेतं बसच्या काचांना चिकटून येतात.
सव्वाआठ. घंटा होऊन गेलेली.
आतून लोर्नाला कागदाची पाठ दिसते
आणि कागदाखाली दोन बूट, एकाची नाडी लोंबती.

प्रो. फि. शि. अंट.
बूट पुढच्या ओळीला जरासे सरकतात.
घरी बो-ल-ली जाणारी भाषा.
अडखळणं, मागे जाणं, पुन्हा तोच शब्द,
दाराला कान असते तर दार कंटाळलं असतं.
लोर्ना फोन वाजू देते.

सगळ्यात खालच्या रकान्यात आकडा नाही, चांदणी आहे.
तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तिचा खुलासा :
दहापेक्षा कमी मुलं असल्यास आकडा झाकावा,
एरवी मूल ओळखू येईल.

दार उघडतं. एह पॉ. तिसरी, ब.
मागच्या एप्रिलात तिने उत्तरपत्रिकेवर
फक्त नाव लिहिलं होतं, तेही तिच्या आईच्या लिपीत, गोल गोल.
"ही चांदणी कोणाची?"
लोर्नाला सांगायची परवानगी नाही.
ती पेन शोधू लागते, जे तिच्या कानावरच आहे.

पोरगी बोटं मोडते. मी. माझा भाऊ.
पॉ वाह. आणि तो पहिलीतला, सारखा रडतो तो.
"चार," ती म्हणते. "दहापेक्षा कमी."
हिशेब चोख होता.

उशिराच्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, वर्ग,
आणि कारणाच्या रेघेवर
लोर्नाने लिहिलं :
वाचत होती.