शेपटीचा वाटा

क्वीन्सलंडची काळी माती पोटात काही ठेवत नाही.
फुगते, भेगाळते, आणि एक दिवस
मेंढ्यांच्या वाटेवर हाड आणून टाकते.
ग्लेनिसला वाटलं, बैलाचं असेल.
पण बैलाचं हाड
माणसापेक्षा उंच नसतं.

टॅम्सिन आली, ब्रश, प्लास्टर, ओली वर्तमानपत्रं घेऊन.
मणका दाखवला: आतून पोकळ, पावाच्या कापासारखा.
"एवढी मान पेलायची
तर हाडांना हलकं व्हावंच लागतं."

"याचं सख्खं कोणी?"
"सख्खं नाही. चुलत आहेत, अर्जेंटिनात.
तेव्हा मधे समुद्र नव्हता.
अंटार्क्टिकावर झाडं होती, चालत जायचे."
"आणि नातं कशावरून?"
"मणक्याच्या एका कंगोऱ्यावरून.
घराण्याचं नाक असतं ना, तसं."

ग्लेनिसचा हात नकळत नाकाकडे गेला.

पाचव्या दिवशी शेपटी
तारेच्या कुंपणाखाली शिरली.
पलीकडे डग्लस. सख्खा. नाक तेच.
अकरा वर्षं बोलणं नाही.

बराच वेळ ती
बोटांवरचं प्लास्टर खरवडत राहिली.
"तूच जा," म्हणाली. "सांग,
मान माझ्याकडे निघाली, शेपटी त्याची.
मधला एक खांब उपटावा लागेल.
पहार त्याच्याकडे चांगली आहे."