मानस

चोडणला खाजन शेताच्या बांधात
जे लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात.
हे मी बांबोळीच्या लॅबमध्ये सांगितलं तेव्हा
पुण्याहून आलेली मुलगी हसली. मानस म्हणजे मन ना?
म्हटलं, आमच्याकडे फळ्यांचं असतं.
भरती ढकलून मिटवते, ओहोटी उघडते,
आणि राखण माझ्या बापाकडे आहे.

माझं काम नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं,
उणे ऐंशीच्या कपाटात त्या ओळीने लावणं
आणि रक्त देणाऱ्याला एकशे बारा प्रश्न विचारणं.
बांगडा आठवड्यातून किती वेळा.
उकडा तांदूळ की सुरय.
तांबडी भाजी: रोज, कधीमधी, नाही.
शेवटचं पान वेगळं आहे:
तुम्ही पोटात असताना आई काय जेवत होती?

इथे लोक थांबतात.
आगशीची एक बाई म्हणाली, मला आईच आठवत नाही,
तिचं जेवण कुठून आठवू?
मी 'माहीत नाही'वर खूण केली.

फेब्रुवारीत शाणू विठू चोडणकर,
वय सदुसष्ट, मधुमेह एकोणतीस वर्षं,
फेरीने रायबंदरला उतरून, उपाशीपोटी,
माझ्याच खुर्चीसमोर येऊन बसला.
बापाला मी 'तुम्ही' म्हणाले. फॉर्म तसा आहे.

शेवटच्या पानावर तो म्हणाला, नाकेबंदीचे दिवस.
दुकानात तांदूळ नव्हता,
त्यात बांध फुटलेला, खारं पाणी शेतात,
कोरगुटसुद्धा करपलेला.
आई खुबे उकडून खायची. कणगी मिळाली तर कणगी.
पेजेतली शितं थोरल्याला, वरचं पाणी तिला.
मग गप्प झाला, आणि हळूच विचारलं,
"तें म्हज्या रगतांत अजून आसा?"

डॉक्टर फुर्तादोंनी शिकवलंय तेवढं मी सांगितलं.
अक्षरं तीच राहतात, खापरपणज्यापासून आलेली.
त्यांवर कुठे कुठे एक चिमूट चिकटते,
एक कार्बन, तीन हायड्रोजन,
आणि चिकटली की तेवढी ओळ सहसा वाचली जात नाही.
चिमटीचा माल ताटातून येतो,
पाल्यातून, कडधान्यातून, माशातून.
पोटातल्या जिवाला कमी पडलं
तर कुठलं दार मिटायचं, कुठलं किलकिलं ठेवायचं
हे शरीर तेव्हाच ठरवून टाकतं,
आणि पुढे ताट भरलं तरी
ते जुन्याच हिशेबाने चालतं. असं दिसतं.
"असं दिसतं," मी परत म्हटलं,
"काही माणसांत. एकट्याच्या रक्तावरून काहीच ठरत नाही."

तो कोपरावरचा कापूस दाबून ऐकत होता.
म्हणाला, बांध फुटला त्याच्या दुसऱ्या वर्षी
मानस नवी केली, माट्टीच्या फळ्यांची.
दार चोख. पण मीठ मातीत शिरलेलंच.
तीन पावसाळे बाबा शेतात गोडं पाणी भरायचा, सोडायचा,
भरायचा, सोडायचा,
चिखल बोटावर घेऊन जिभेला लावायचा.
चौथ्या साली भात आलं.
"उगवतीकडचा कोपरा मात्र अजून खारट लागतो.
मीच चाखतो आता."

मला पाचवा महिना होता, त्याला माहीत होतं.
मी काय खाते ते त्याने कधी विचारलं नव्हतं.
त्या संध्याकाळी तांबड्या भाजीची जुडी
मुळांच्या मातीसकट ओट्यावर ठेवली
आणि टॉर्च घेऊन बांधावर गेला.
भरती साडेआठची होती.

मी भाजी निवडली. तीनदा धुतली,
तिसऱ्या पाण्यालाही लाली होती.
एक पान कच्चंच चावून पाहिलं.
कुठल्या कोपऱ्यातलं ते कळेना.
किंचित खारट होतं,
की माझंच तोंड.