भाग दुसरा मिळाला तर आण

माझ्या गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवते:
केस धुऊन यायचं, चहा आपापला,
आणि पुस्तक गुडघ्यांवर उघडं धरायचं.
मी मागे उंच पाटावर, बोटं तुमच्या भांगात,
डोळे तुमच्या खांद्यावरून खाली.
"उलट" म्हटलं की पान उलटायचं.
मान नाही.

असं कानोत, अंगणातल्या कडुलिंबाखाली,
धुळीच्या वाऱ्याचे महिने दाराआड काढत
दोनेकशे प्रेमं वाचून झाली माझी.
बारीक वेण्यांना चार तास लागतात,
पातळ कादंबरीलाही तेवढेच.
फक्त वेणी टोकापर्यंत जाते.
कादंबरी ऐन निकाहाच्या सकाळी थांबते
आणि खाली छापलेलं असतं: पुढचं भाग दोनमध्ये.
भाग दोन बाजारात,
आणि बाजारात जातात पुरुष.

माझं मत विचारशील, लौरे, तर ऐक.
नाही विचारलंस तरी डोकं तुझं माझ्या हातात आहे.

नायक दर वेळी परदेशातूनच का परततो?
जो कुठे गेलाच नाही त्याच्यावर भाळायला कुणी नाही?
नाक्यावर पंक्चर काढणाऱ्याचे हात
एकाही पानावर सापडले नाहीत मला.
नायिका रडली की अधिकच खुलते म्हणे.
मी रडले की नाकाचा टोमॅटो होतो.
आणि जो तिला चिठ्ठीत चंद्र म्हणतो
त्याला विचारावं एकदा,
चंद्राच्या घरी पाणी कोण भरतं.

तरी त्या चिठ्ठीशी आले
की बोटं ढिली पडतात माझी.
तुझ्या उजव्या कानामागच्या तीन वेण्या
त्या पानावरच्या आहेत.
घरी जाऊन आरशात बघ.

सिनेमा नाही सोसत.
जुमाईच्या फोनवर पाहिला एक.
दोघं झाडाभोवती पळतात, गातात,
दर कडव्याला तिची ओढणी नवी.
मी मोजल्या. सात.
पुस्तकात तिला एकच असते, निळी,
आणि ती किती निळी
ते माझं मी ठरवते.

पण खरा राग निराळाच.
दुसरी बायको.
ती उंबरठ्यात दिसली की मी ओळखते, आता बाटली येणार,
मांत्रिकाकडची, हिरव्या बुचाची,
आणि पहिलीच्या रश्श्यात थेंब पडणार.
शेवटच्या पानावर दुसरी
केस पिंजारून रस्त्यात हसत बसणार.

मी दुसरी आहे, लौरे.
अकरा वर्षं झाली.
माझ्या बाटलीत शेंगदाण्याचं तेल असतं,
आत्ता तुझ्या भांगात आहे तेच.

मी आले त्या रात्री तबावा दार लोटून आत आली.
(पुस्तकात इथे वीज कडाडते.)
काखेत घोंगडी.
म्हणाली, "पहाटे या भिंतीतून गारठा शिरतो.
नऊ वर्षं इथे झोपलेय मी."
घोंगडी टाकली, आणि गेली.
तिची एक कड उसवलेली होती.
ती मी शिवली, पण लगेच नाही,
चांगला महिनाभर गेला.

भांडतो की. मिठावरून भांडतो,
पोरांवरून, पाण्याच्या पाळीवरून.
एकदा तर तिनं माझा आरसा फोडला,
आणि तो चुकून फुटला असं मला आजही वाटत नाही.

तो ट्रक घेऊन लागोसला गेला
की ती माझ्या खोलीत येते, अक्षर येत नाही तिला.
मी वाचते, ती छताकडे बघत ऐकते.
परवा ती बाटली आली गोष्टीत.
तबावा कोपरावर उठली,
"काय असतं गं त्यात नक्की?"
आणि माझ्याकडे अशी बघत राहिली
की दिवा फडफडेस्तोवर आम्ही हसत होतो.

झालं. शेवटची वेणी. पुस्तक मीट.
तुझा भाऊ शनिवारी बाजारात जातो ना?
भाग दुसरा मिळाला तर आणायला सांग.
तबावा म्हणते, या खेपेला दुसरी वेडी होणार नाही.
मी म्हणते, होणार. मी दोनशे वाचलीत.
ती म्हणते, तू वाचलीस, मी ऐकलीत.

थांब, एक बट राहिली.
मान हलवू नकोस.