पंधरा नंबरचा पाना

आधीच्या सायकलचं पुढचं चाक नुसत्या हाताने निघायचं.
दांडी उलटी केली, दोन फेरे दिले की चाक मोकळं.
दुकानदाराला याचंच कौतुक होतं, आणि मलाही,
बारा दिवस.
तेराव्या सकाळी जिन्याखाली
सायकल गुडघे टेकून बसली होती,
चिमट्याच्या दोन टोकांवर.
चोरालाही पाना लागला नव्हता.

म्हणून ही. सोळा इंची चाकं, मधोमध बिजागरी
आणि मागच्या आसाला दोन जाड नट, पंधरा नंबरचे.
घडी घातली की खाटेखाली मावते,
गव्हाच्या डब्याशेजारी.
दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सगळेच घडीचे:
जेवायचं टेबल भिंतीला, इस्त्रीची फळी दारामागे,
कमलाकरची आरामखुर्ची दिवसा कपाटावर, पाय वर करून.
तो म्हणतो, तुलाही एक बिजागरी बसवून घे.
बसवलेली आहे, मी म्हणते,
तुला दिसली नाही इतकंच.

रक्तपेढीत रात्रपाळी, पाचव्या मजल्यावर.
लिफ्टपाशी घाडीगावकर: 'सायकल न्यायची नाही.'
त्याच्यासमोरच खिट्टी ओढते, खट्,
दांडा खाली, पेडल आत.
'ही सायकल नाही, सामान आहे.'
तो दोन्हीकडून बघतो. नियमात सामानाला बंदी नाही.
रोज करतो आम्ही हे. अकरा महिने झाले.

पाना मात्र घडीचा मिळत नाही.
असता तर नटाऐवजी तोच वळला असता.
नऊ इंची. पिशवीतून डोकं बाहेर काढायचा,
डब्यावर आपटायचा, एकदा थर्मास फोडला.
शेवटी कुर्ल्याला ग्राइंडरवर त्याची दांडी कापून आणली.
कापणाऱ्याने विचारलं होतं, 'मॅडम, नक्की ना?'
ठिणग्या उडाल्या. चार बोटांचा राहिला,
सीटखालच्या बटव्यात अडकित्त्यासारखा गोंडस बसला.

आणि मग शिवडी, सकाळी साडेसहा, घरी येताना,
टँकरच्या रांगेशेजारी
मागचं चाक बसलं.
नट जागचा हलेना.
चार बोटांच्या दांडीवर माझं सगळं वजन,
एकोणसाठ किलो, वर रात्रभर न झालेली झोप.
पाना तळहातात रुतला, लाल चंद्रकोर उमटली.
नटाला मी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

कुन्हीमोनची टपरी उघडत होती. ट्रकची टायरं
उभी, माझ्या छातीइतकी.
त्याने माझा पाना चिमटीत धरून उन्हात पाहिला,
पडलेला दुधाचा दात पाहावा तसा.
'बच्चा है?'
'मीच कापला.'
काही बोलला नाही. आतून पाईप आणला,
ट्रकच्या पान्याला लावतात त्याचा धाकटा भाऊ,
हातभर, गंजका. माझ्या पान्यावर चढवला.
'अब देखो.'
टोकाला दोन बोटं लावली फक्त.
नट कुरकुरला, मग लोण्यासारखा.

निघालेले वॉशर त्याने वर्तमानपत्रावर मांडले
ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने;
रक्ताच्या नळ्या मी अशाच मांडते.
टायरमधून हिरवी काच निघाली, बाटलीची.
मुलीची सायकल आहे गावाला, तो म्हणाला,
मलप्पुरमला. घडी होत नाही तिची.
अंगणात उभी असते.
बाकी सगळं हिंदीत, अंगण तेवढं मराठीत म्हणाला.
केवढं, ते मी विचारलं नाही.

पंक्चरचे पैसे घेतले. पाईपचे घेतले नाहीत.

आता घडी घातली तरी
पाईप वीतभर बाहेर राहतो.
पट्ट्याने आवळलाय, तरी राहतो.
खाटेखालून येऊन कमलाकरच्या नडगीला लागतो.
'काप ना तो,' तो म्हणतो.
लिफ्टपाशी घाडीगावकर: 'हे काय बाहेर आलंय?'
'सामानच आहे.'
दार लागत नाही.
मी पाईप जरा तिरका करते.
लागतं.