ठराव क्रमांक सात

विषय: वरिष्ठ फुटबॉल संघासाठी प्रशिक्षक नेमणे.
अक्षर माझं. तालमीचं इतिवृत्त बारा वर्षं मीच लिहितो,
कारण अक्षर बरं आहे
आणि मी मधे बोलत नाही.

यंदा वरून पत्र आलेलं:
मुलाखतीला सर्व थरांतले उमेदवार असावेत.
अध्यक्ष म्हणाले, मग त्या शिकलगाराला बोलवा की,
एक थर तरी भरंल.

मुबारक शिकलगार आला. इस्त्रीचा शर्ट,
प्लास्टिकच्या पिशवीत परवान्याचा कागद.
गांधी मैदानात पाणी साचलं की हा पहाटे
पोरांना टेंबलाईच्या टेकडीवर पळवतो.
आमच्या अकरातल्या सातजणांना
डाव्या पायानं मारायला यानंच शिकवलं.
ते कुणी विचारलं नाही.

विचारलं, रमजानात मॅच आली तर?
म्हणाला, उपास माझा असतोय, पोरांचा न्हाई.
सगळे हसले. चांगलं हसले, मनापासून.
मग, मोठी झाल्यात पोरं, तुझं ऐकतील व्हय?
बारकी हुती तवा ऐकत हुती.

नऊ मिनिटं.
चहा वर आला तेव्हा तो जिना उतरत होता.
मी त्याचा कप घेऊन खाली गेलो.
उभ्यानंच प्याला,
नळाखाली कप विसळला, माझ्या हातात दिला,
आणि विचारलं, गोलकीपरचा गुडघा कसा हाय आता?

रणधीर जामदार साडेसहाला आले.
त्यांना कुणी काही विचारलं नाही,
नुसतं, काका काय म्हणतात, एवढंच.

आता एकच वाक्य उरलंय.
सर्व उमेदवारांचा साकल्याने विचार करून, सर्वानुमते.
तीन वेळा लिहिलं असेल हे वाक्य आजवर,
कधी पेन थांबलं नव्हतं.

फलकावर प्रशिक्षकाचं नाव रंगवल्याचं बिल
माझ्याच फायलीत आहे.
पिवळ्या रंगाचे दोनशे ऐंशी, मजुरी वेगळी.
बिलावर तारीख सोमवारची.
मुलाखती आज झाल्या, बुधवारी.

वाक्य लिहिलं. नाही लिहून सांगणार कुणाला?
फक्त ते बिल
त्याच पानाला टाचलं.

सही करताना अध्यक्षांच्या बोटाला टाचणी लागली.
हे रं काय लावलंयस हितं?
म्हटलं, खर्चाचं हाय, अण्णा.