हाकलायचा शब्द

गावाचं नाव लीक.
आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
मग प्लंबर बोलाव ना.

चौदा वर्षं झाली. नळ शाबूत आहेत.
गळतं ते वरून, माळरानाकडून:
धुकं, मेंढ्यांचा वास,
आणि ऑक्टोबरातल्या एका पहाटे,
रात्रपाळी करून येऊन मी कचऱ्याचा डबा ओढत होते तेव्हा,
मेथीच्या वाफ्यात उभं
हे.

आधी वाटलं, कुणाचा तरी ओला कोट पडलाय.
मग कोटाला कान फुटले
आणि माझ्याकडे वळले, एक आधी, एक नंतर.
पुढचे हात छातीशी धरलेले,
बिलात चूक आहे हे सांगायला काउंटरशी आलेल्या
भिडस्त माणसासारखे.
तोंडात माझी मेथी.

वॉलबी. नाव ठाऊक होतं.
निषादच्या तक्त्यावर डब्ल्यूच्या घरात राहायचं,
व्हेलच्या शेजारी.

हाकलायला तोंड उघडलं
आणि ते तसंच राहिलं.
कुत्र्याला हाड असतं,
कावळ्याला हुश्श,
बैलाला हैक,
मांजराला नुसती चप्पल उगारली तरी पुरते.
कोरेगावच्या परड्यात कोंबड्या घालवायचा आवाज वेगळा,
बोलवायचा वेगळा,
आणि वसुलीला आलेल्या माणसासाठी
सुमाआत्याकडे एक खास खाकरणं होतं.
पण असं दोन पायांवर उभं राहून
शांतपणे खाणाऱ्यासाठी
कुणी काही करूनच ठेवलेलं नाही.
इतक्या वर्षांच्या भाषेत
एकाच्याही वाफ्यात हे शिरलं नव्हतं.

मग पोटाचा खिसा हलला.
एक पाय बाहेर लोंबत होता, लांब, काळपट, झोपलेला,
बसच्या दारात अडकलेल्या छत्रीसारखा.
इथे 'ते'ची 'ती' झाली.
मी डब्याचं हँडल सोडलं, हळूच, चाकं वाजू न देता.

कुंपणापलीकडे बेरिल हीथकोट,
ड्रेसिंग गाऊनवर गेलेल्या नवऱ्याचं जॅकेट, हातात चहा.
हिनेच कुंपणाच्या बुडाशी भोक पाडलंय, हेजहॉगसाठी,
माझी लेखी परवानगी घेऊन.
तीन वर्षांत त्यातून फक्त
निषादचा चेंडू गेला आणि आला.

आमचीच आहे ही, बेरिल म्हणाली.
त्रेसष्टच्या हिवाळ्यात वडिलांनी पाहिल्या होत्या,
खडकाखाली तीन, एकमेकींना चिकटून, पाठीवर बर्फ.
लढाईच्या दिवसांत कुणा श्रीमंताच्या बागेतून सुटलेल्या.
सगळ्या मेल्या म्हणतात.
म्हणतात, ती पुन्हा म्हणाली, आणि चहा प्यायली.

तिच्या भाषेत
'आमची' आणि 'आपली' असे दोन शब्द नसतात.
कुठला ऐकायचा ते माझ्यावर होतं.

प्राण्यांच्या संस्थेचा नंबर फ्रिजवर, बेरिलच्याच अक्षरात.
लावला. तसा नियम आहे म्हणे.
एक झोपाळू, तरुण आवाज:
अजून आहे का तिथे?
नाही, मी म्हटलं.
कुठे गेली?
खाली, गावाकडे, सुपरमार्केटच्या बाजूला.
नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मी इतकं
न अडखळता इंग्रजी बोलले नव्हते.
बेरिलने माझ्याकडे पाहिलं,
मग कपात.

गेली तेव्हा
ओलं गोणपाट दोनदा आपटावं तसा आवाज झाला.
दहिवरावर दोन लांब ठसे, मध्ये शेपटीची रेघ,
पुन्हा दोन, पुन्हा रेघ, भिंतीपर्यंत.
निषाद उठेस्तोवर ऊन आलं.
तो म्हणाला, आई, तू झोप आता.

जुडीभर मेथी उरली होती.
तीनदा धुतली, बटाटा घालून केली,
वाटीभर बेरिलला दिली.
कडू आहे, ती म्हणाली.
असतेच, म्हटलं.

वाटी अजून तिच्याकडेच आहे.